बोटीचं नाक वाऱ्याकडे

घरून, सोमवार
(बोट धक्क्यावर पालथी, मी पलंगावर पालथा)

तीर्थरूप अक्का यांस,

धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगांनी घातला आहे. उरलेली तीन सुटी झाली की बाकीचा पोचता करीन.) तुमचे गुडघे जिना चढू देत असतील अशी आशा करतो. साडूभाऊंच्या कानातलं यंत्र आलं असं ऐकलं. ते त्यांनी लावलं का, आणि लावून पुन्हा डबीत ठेवून दिलं का, ते सवडीने कळवावं. शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला नऊ वर्षं झाली, तरी सकाळी साडेसहाला उठून कुणाला तरी ओळीत उभं करायची सवय गेली नसणार, आणि घरात ओळ करायला साडूभाऊ एकटेच. म्हणून मला तुमच्यापेक्षा त्यांची काळजी जास्त वाटते. मी मजेत आहे. (हे वाक्य दोनदा वाचून पाहिलं. व्याकरणाची चूक नाही, म्हणून ठेवतो.)

पत्रास कारण असं, की आमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तुम्हाला माझ्याविषयी काहीबाही कळवलं आहे. हे त्यांनीच मला जिन्यात सांगितलं, आणि वर 'कळवायलाच हवं होतं' असंही म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी गच्चीवरून उडालो, समुद्रात बुडालो आणि शेवटी एका मच्छीमार बोटीने मला दोरीला बांधून आणलं. यातली एकही गोष्ट पूर्ण खरी नाही. तिन्ही अर्ध्या-अर्ध्या खऱ्या आहेत. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेल्यामुळे आपल्याविषयीचा मजकूर चुकीचा जावा हे मला सहन होत नाही, तेव्हा हे शुद्धिपत्र.

तुम्ही आमच्या बोटीत कधी बसला नाहीत ('पाण्यावर बसायला मी काय बदक आहे का' हे तुमचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जायचं), त्यामुळे थोडं मुळापासून सांगावं लागेल. आमची मासेमारी अशी: किनाऱ्यापासून चार-पाच मैल आत जायचं, इंजिन बंद करायचं आणि बोट वाऱ्याबरोबर वाहू द्यायची. खाली मासे, वर आपण. बोट त्यांच्या डोक्यावरून सावकाश सरकत जाते, गळ तळाशी लोंबत असतो, आणि ज्या माशाचे ग्रह फिरले असतील तो लागतो. यात माणसाला गप्प बसण्यापलीकडे काही करायचं नसतं, असं माझं एकतीस वर्षं ठाम मत होतं. दर रविवारी आम्ही दोघं जायचो. मी मागे, इंजिनाजवळ, पाण्याकडे तोंड करून. ही मधल्या फळीवर, दोन्ही हातांत वल्ही. सत्तावीस वर्षं बाइंडिंग खात्यात पुठ्ठे दाबल्यामुळे हिची मनगटं माझ्यापेक्षा भक्कम होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. अधूनमधून ही एक हलका हात मारायची, कधी डावं वल्हं, कधी उजवं, कधी दोन्ही. मला वाटायचं, काही माणसांना हात रिकामे ठेवणं जमतच नाही. घरी लोकरीच्या सुया, इथे वल्ही.

(तुमच्या लक्षात आलंच असेल, मी अजून 'ही' लिहितो. 'ही' म्हणजे जवळची आणि 'ती' म्हणजे लांबची, हे व्याकरण मला कळतं. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात असतं तर मी लाल शाईने बदललंही असतं. आठ महिने झाले. इथे मात्र मूळ प्रतीप्रमाणे राहू द्यावं.)

तर सात महिने बोट शेडमध्येच होती. गेल्या महिन्यात आमचा इंजिनाचा मेकॅनिक घरी आला आणि म्हणाला की इंजिन चालवलं नाही तर आतून गंजेल, मग माझ्याकडे आणू नका. मनुष्य तोंडाने फटकळ आहे, पण दाराशी उभा राहून त्याने पाच मिनिटं चपलेने पायपुसणं सारखं केलं, त्यावरून तो इंजिनासाठी आला नव्हता हे मला कळलं. म्हणून त्या रविवारी एकटाच गेलो. नेहमीच्या जागी पोचलो, इंजिन बंद केलं, गळ सोडला आणि बोट आडवी झाली. सरळ सांगतो, अक्का, आडवी. वाऱ्याला कूस दिली आणि सुपात धान्य पाखडावं तशी मला पाखडायला लागली. गळ खाली जायचा तो पतंगाच्या दोऱ्यासारखा तिरका लांब गेला, आणि बोट इतकी वेगाने वाहत होती की खालच्या माशाला माझा गळ दिसायच्या आत मी पुढच्या गल्लीत. वीस मिनिटांत मला बोट लागली. एकतीस वर्षांत मला कधी बोट लागली नाही असं मी छापखान्यात छाती काढून सांगत आलो होतो. सकाळचा चहा, आदल्या दिवशीचं जेवण आणि ती फुशारकी, तिन्ही एकदमच बाहेर पडली.

परत येऊन मेकॅनिकला सांगितलं की बोट बिघडली आहे, एका बाजूला ओढते. त्याने ती उलटी करून तासभर तपासली. तळावर हात फिरवला, कान देऊन ऐकावं तसं डोकं टेकवलं, मग हात पुसत विचारलं, "वल्ह्यांवर कोण होतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"मग बोट ठीक आहे," तो म्हणाला. आणि मग, बराच वेळ पाना शोधल्यासारखं करून, "बाई नाक वाऱ्याकडे धरून ठेवायच्या ना. नाहीतर कुठलीही बोट आडवीच होते. तुम्हाला माहीत असेल की."

मला माहीत नव्हतं. मी "हो तर" म्हणालो.

त्यानेच मग सांगितलं की एकट्या माणसाने सी-अँकर घ्यावा. नेहमीचा नांगर तळाला जाऊन चिखलात रुततो. हा तळापर्यंत जातच नाही. ही कापडाची एक मोठी छत्री असते, पाण्यात टाकली की फुगते, आणि पाण्यालाच धरून बसते. तिची दोरी बोटीला बांधली की बोट वाऱ्याबरोबर सुसाट पळू शकत नाही. सावकाश, नाक वाऱ्याकडे करून, मागे मागे सरकते. थोडक्यात, एक माणूस वल्ही मारत बसला असता तर जे झालं असतं ते.

बोटींच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार उंच, वाकलेला, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्याने बोटीची लांबी विचारली, सतरा फूट सांगितली. वजन विचारलं, सांगितलं. मग फॉर्म भरून घेतात त्या आवाजात म्हणाला, "आजवर काय वापरत होतात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बायको."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. दुकानदार हसला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "कधी?" मी सांगितलं. मग त्याने मला स्टूल दिलं आणि पुढचा पाऊण तास दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही. एक निमुळता, पिशवीसारखा प्रकार दाखवला, जो टाकायला सोपा पण धरायला कमजोर. दुसरा पॅराशूटसारखा, जो जास्त धरतो पण आवरायला अक्कल लागते. तुमच्या बोटीला पाच फुटी पॅराशूट पुरे, असं त्याने मला तीन वेळा सांगितलं. लहान घेतला तर बोट आडवीच राहील, आणि फार मोठा घेतला तर बोटीलाच वेठीला धरेल, ओढून घेता येणार नाही. हे सगळं मला नीट समजलं. मी मान डोलावली, आणि नऊ फुटी घेतला. तो तीस फुटी बोटींसाठी असतो. का घेतला, याचं उत्तर दुकानदाराने मागितलं तेव्हा 'कमी पडण्यापेक्षा जास्त बरा' असं दिलं. तुम्हाला म्हणून सांगतो, हिच्या जागी आणायचा आणि सगळ्यांत छोट्यातला उचलायचा, हे मला बरं दिसेना.

घरी आणून पुढच्या खोलीत उघडला. नऊ फूट हे दुकानात ऐकायला वेगळे असतात आणि दहा बाय अकराच्या खोलीत वेगळे. नारिंगी कापडाने सोफा, टेबल, टीव्ही आणि मी असे सगळे झाकले गेलो. आत नारिंगी उजेड होता आणि रस्त्यावरचे आवाज लांब गेले होते. बरं वाटलं म्हणून थोडा वेळ तसाच बसलो. (दारावर नर्सबाई आल्या होत्या, त्यांनी खिडकीतून काय पाहिलं असेल ते त्यांनी तुम्हाला कळवलंच असेल.) मग तो उघडतो कसा हे पाहायला गच्चीवर नेला. दोरी कमरेला बांधली, कारण हात मोकळे हवे होते, आणि कापड वाऱ्यावर सोडलं. पाण्यात जे काम त्याने करायचं तेच त्याने हवेत केलं, फक्त उलट्या बाजूने, आणि मी गच्चीच्या या टोकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत धावत, मग घसरत, मग थोडा अधांतरी असा गेलो. टाकीपाशी नर्सबाईंच्या चादरी वाळत होत्या, त्यांनी मला झेललं. गच्चीवरून उडालो हे म्हणून चूक. गच्चीवर उडालो, हे बरोबर. एका प्रत्ययाने अर्थ कसा बदलतो पाहा.

सोबत एक सूचनापत्रक होतं. त्यात एकवीस मुद्रणदोष निघाले. मी पेन्सिल घेऊन दोन दिवस ते तपासलं, आणि खोटं कशाला सांगू, आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझे दोन दिवस चांगले गेले. एके ठिकाणी छापलं होतं, 'अँकर नेहमी नाकाला बांधावा.' मी समासात लिहिलं, 'कोणाच्या? वाक्य संदिग्ध.' पुढे होतं, 'परतीची बारीक दोरी ऐच्छीक.' इथे दीर्घ 'च्छी' ऱ्हस्व केला आणि छत्री परत ओढून घ्यायची ती दोरी घरीच ठेवली. असा मजकूर सर्वांगाने शुद्ध करून मी रविवारी समुद्रावर गेलो.

आता जे झालं ते थोडक्यात सांगतो. छत्री मी बोटीच्या मागच्या बाजूला बांधली. मागेच मी बसतो, मागेच कडी आहे, आणि पुढे जाऊन बांधायची तर मधली फळी ओलांडावी लागते. ती ओलांडणं मला आठ महिने जमलेलं नव्हतं. छत्री पाण्यात टाकली, ती फुगली, दोरी ताठ झाली, आणि कुणी मागून सदऱ्याची कॉलर धरावी तशी बोट जागच्या जागी थांबली. दोन क्षण मला फार आनंद झाला. मग पहिली लाट मागून आत आली. बोटीचं नाक उंच असतं, ते लाटा फोडायला. मागची बाजू इंजिनासाठी ठेंगणी असते, आणि मी नेमकी तीच बाजू समुद्रापुढे धरून बसलो होतो. दुसरी लाट आली, तिसरी आली. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. दोरी ओढायला गेलो, तर पलीकडे नऊ फूट समुद्र धरून बसलेला. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. सुरी पुढच्या खोक्यात होती. तेव्हा मी मधली फळी ओलांडली. रांगत ओलांडली, गुडघ्यांवर. सुरी आणली, दोरी कापली, आणि ती नारिंगी छत्री एकदा वर आल्यासारखी दिसून खाली गेली.

बोट सुटली आणि आडवी झाली. निम्मी पाण्याने भरलेली बोट आडवी होणं म्हणजे काय, हे शाळेत गणित शिकवत आलेल्या तुम्हाला समजावून सांगायला नको. इंजिन नाही, छत्री नाही. वल्ही होती. मी मधल्या फळीवर बसलो. एकतीस वर्षांत त्या जागी मी पाच मिनिटंही बसलो नसेन. पहिल्या दहा हातांत बोट गोल फिरली. मग कधीतरी नाक वाऱ्याकडे आलं आणि पाणी आत यायचं थांबलं. ते तिथे ठेवायचं तर एक क्षण सोडून चालत नाही. वारा जरा डावीकडे सरकला की डावं, लाट उजवीकडून आली की उजवं. दिसायला काहीच नाही, नुसता हलका हात. पण मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून पाठीत ते कसं चढतं, हे मला दोन तासांत कळलं. दोन तास मी वल्ही मारली आणि मधूनमधून एका हाताने डब्याने पाणी उपसलं. वल्ही मारणारा माणूस मागे तोंड करून बसतो, हेही तेव्हाच ध्यानात आलं. समोर मला इंजिनाजवळची माझी जागा दिसत होती, रिकामी. हिला तिथून समुद्र फारसा दिसतच नसणार. एकतीस वर्षं समोर माझी पाठ आणि माझी टोपी.

शेवटी एक मच्छीमार बोट आली. तिचा कॅप्टन ओळखीचा निघाला, म्हणजे तो आम्हाला लांबून ओळखत होता. दोरी टाकून त्याने आमची बोट मागे बांधली आणि मला वर ओढून घेतलं. (म्हणजे बांधून आणलं ते बोटीला. मला नाही.) घोंगडी दिली आणि म्हणाला, "काका, मागून बांधलं होतं ना?"

"हो."

"मागून बांधलं की समुद्र मागच्या दाराने घरात येतो. नाकाला बांधायचं असतं."

"पत्रकात तसं लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

"वाक्य संदिग्ध होतं."

मग त्याने मला समजावून सांगितलं की छत्री परत घेताना सगळ्या दोऱ्यांशी कुस्ती करायची नसते. काठाची एकच दोरी ओढायची, म्हणजे पोटातलं पाणी निघून जातं आणि ती मिटते. सोपं होतं. थोड्या वेळाने म्हणाला, "पण वल्ही बरी मारलीत. त्यामुळेच राहिलात. कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "बघून." खरं तर मी एकदाही वळून पाहिलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, इथे मेव्हण्याला शहाणपण यायला हवं होतं. आलंही. मी आठवडाभर पडून राहिलो, तळहातांना मलम लावलं, आणि पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने 'मी म्हटलं होतं' हे तीन शब्द उच्चारले नाहीत, याबद्दल मी त्याचा जन्मभर आभारी राहीन. त्याने गुपचूप पाच फुटी काढला. शंभर फूट लवचीक दोरी मोजली, मध्ये गरगर फिरणारी कडी घातली म्हणजे दोरीला पीळ पडू नये, छत्री फार खोल जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला तरंगता गोळा बांधला, आणि परतीची बारीक दोरी स्वतःच्या हाताने गाठवून दिली. शेवटी एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात 'पुढे' असं लिहून तो पुठ्ठा दोरीच्या टोकाला अडकवला. त्यात संदिग्ध काही नव्हतं.

काल गेलो होतो. मेकॅनिक सोबत येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. इंजिन बंद केलं, मधली फळी ओलांडली (या वेळी उभ्याने), नाकाशी छत्री बांधली, वाऱ्याच्या बाजूला टाकली आणि दोरी हळूहळू सोडत गेलो. बोट मागे सरकली, दोरी ताठ झाली, नाक वळलं आणि वाऱ्याकडे होऊन थांबलं. अक्का, मी तुम्हाला सांगतो, ती वस्तू अप्रतिम आहे. लाट आली की नाक उचलायचं, लाट गेली की टेकायचं. गळ खाली सरळ गेला, ओळंब्यासारखा. कुणाचा हात लागत नाही, कुणी दमत नाही, कुणी 'आता पुरे, ऊन वर आलं' असं म्हणत नाही. मी तीन तास बसलो. मधूनमधून छत्री नीट आहे ना म्हणून वळून पाहत होतो. ती नीटच होती. दर वेळी नीटच होती. मग वळून पाहायचं कारण उरलं नाही, तरी पाहत होतो.

चार किलोचा मासा घेऊन घरी आलो. अर्धा नर्सबाईंना दिला, त्यांच्या चादरींची भरपाई म्हणून. छत्री ओढून घेताना कंबर धरली, पण ते वयाचं आहे, छत्रीचं नाही. एकंदरीत तुम्ही काळजी करावी असं काही नाही. सगळी व्यवस्था लागली आहे, आणि यापुढे मी दर रविवारी नेमाने जाणार आहे, हे तुम्ही साडूभाऊंनाही (यंत्र लावलेलं असेल तेव्हा) सांगावं. तुमच्याकडल्या लहानांना माझे आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि मधल्यांना जे परवडेल ते. शुद्धलेखनाच्या चुका आढळल्यास लाल शाईने खुणा करून प्रत परत पाठवावी.

आपला,
धाकटा मेव्हणा

ता. क. — मासा चार किलोचा होता, पण तो बाजारातला. बोटीत मासा लागला होता हे खरं, आणि मोठा होता हेही खरं. तो पाण्याच्या वर आला की मी कधीच वळत नसे, नुसता उजवा हात मागे करायचो आणि हातात जाळ्याची मूठ यायची. काल तसाच हात मागे केला. बराच वेळ केला. तेवढ्यात तो सुटून गेला. जाळं माझ्या पायाशीच होतं. त्यानंतर गळाला आमिष लावलं नाही, पण तीन तास बसलो ते खरं.

ता. क. दुसरा — जे विचारायला पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. मच्छीमार कॅप्टनने मला धक्क्यावर सोडलं तेव्हा तिथल्या पेट्रोलपंपावरच्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि एक गोळी पुढे केली. म्हणाल्या, "घ्या, मळमळ थांबेल. बाईंचंच पाकीट आहे, माझ्याकडे राहिलंय." मी विचारलं, कोणत्या बाईंचं. त्या म्हणाल्या, "तुमच्या. तुम्ही पेट्रोलचे डबे बोटीत ठेवत असायचात, तेवढ्यात इथे बसून गोळी घ्यायच्या. दर रविवारी. नाहीतर त्यांना बोट सोसायची नाही ना. तुम्हाला माहीत असेल." मी म्हटलं, माहीत आहे की. पाकीट खिशात घालून घरी आणलं. त्यात चार गोळ्या उरल्या आहेत.

अक्का, ही तुमच्याशी सगळं बोलायची. स्वयंपाकघरात तुम्हा दोघींचा आवाज खाली गेला की मी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत जायचो, त्यामुळे काय बोलणं व्हायचं ते मला ठाऊक नाही. एवढंच सांगा. हिला समुद्र आवडत होता का? की नुसतीच येत होती? मी कधी विचारलं नाही. येतेस का, असंसुद्धा विचारलं नाही. रविवार आला की चल म्हणायचो. माझं मन राखायला काही सांगू नका. तुम्ही पस्तीस वर्षांत एकाही मुलाला फुकटचा गुण दिला नाहीत, तो नियम माझ्यासाठी मोडू नये. बोटीचं काय करायचं ते मग ठरवीन.

ता. क. तिसरा — पत्राचं पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितो आहे. मी तुमचे फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावला आहात, असंही नर्सबाई म्हणाल्या. घंटा ऐकू येत नाही, फोन जुना झाला, वगैरे मी त्यांना सांगितलं ते खोटं आहे. समोरासमोर तसं वाटत नाही, पण फोनवर तुमचा 'हॅलो' हुबेहूब हिच्यासारखा येतो. आठ महिने तुमचं नाव दिसलं की मी फोन उशीखाली ठेवतो आणि घंटा थांबेपर्यंत गॅलरीत जाऊन उभा राहतो. तरीही दुसऱ्या ताज्या कलमाचं उत्तर पत्राने पाठवू नका. ते जे काही असेल ते मला त्याच आवाजात ऐकायचं आहे. येत्या रविवारी सकाळी नऊला फोन करा. घंटा जरा जास्त वेळ वाजली तरी ठेवून देऊ नका. मी उचलेन.